कौसाबाईच्या म्हशी आणि टेकाडावरची सोसायटी

बदलापूरच्या मांजर्लीत कौसाबाईला ओळखत नाही असा माणूस विरळा. उजाडलं की ती दुधाची किटली घेऊन बिल्डिंगी चढायला लागायची. लिफ्ट बंद असली तर तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत सोसायटीवाल्यांचा उद्धार ऐकू यायचा. दूध मात्र निर्भेळ, त्यामुळे लोक मुकाट्याने पातेली पुढे करायचे. साठी ओलांडलेली, उंच, काटक, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं आणि कपाळावर कायमची आठी. हसली तरी ती आठी जात नसे.

तिचं घर वस्तीच्या पार टोकाला, उल्हास नदीच्या काठी. घराला लागून म्हशींचा गोठा, गोठ्यामागे भाताची दोन खाचरं आणि खाचरांच्या पुढे नदी. नवरा, बाळाजी, जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा विनीत उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या फर्निचरच्या दुकानात हिशेब बघायचा. घरी फोनवर बोलतानाही त्याच्या तोंडात अधूनमधून शेठचं ‘साईं’ यायचं आणि कौसाबाईचं डोकं फिरायचं.

विनीत आईजवळ राहत नव्हता, पण लांबही नव्हता. खाचरांपासून हाकेच्या अंतरावर पूर्वी एक टेकाड होतं. बोडकं, खडकाळ, काही न पिकणारं. पण नदी फुगली की काठावरचे सगळे आपली गुरं सोडून त्या टेकाडावर न्यायचे. कौसाबाई लग्न होऊन आली त्या पावसाळ्यात सासूने तिला पहिली गोष्ट दाखवली ती चूल नव्हे, टेकाडाची वाट. २००५ साली अर्ध्या बदलापुरात पाणी शिरलं तेव्हा दोन दिवस बाळाजी आणि ती टेकाडावर म्हशींच्या मध्ये बसून होते. म्हशींच्या अंगाची ऊब नसती तर गारठून मेलो असतो, असं ती सांगायची.

मग टेकाड विकलं गेलं. मालक मुंबईत राहणारा, त्याने कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. मशिनं आली, टेकाड सपाट झालं, आजूबाजूच्या सखल जमिनीवर डंपरने माती पडत राहिली आणि त्यावर पाच इमारतींची सोसायटी उभी राहिली. कौसाबाईने डंपरवाल्यांना आडवी जाऊन शिव्या दिल्या. “पानी जाईल कुठं, मेल्यांनो? आमच्याच घरात ना?” ड्रायव्हर हसून पुढे जायचे. आणि सगळ्यात मोठा राग याचा, की त्याच सोसायटीत विनीतने कर्ज काढून फ्लॅट घेतला.

२०१९च्या पुरात टेकाडाची वाट बंद झालेली होती. गेटवर साखळी, आत फरशा. त्या दिवशी तिने म्हशी रस्त्यावर सोडल्या. तीन परत आल्या. चौथी, मोरी नावाची, पाण्याबरोबर गेली आणि पाणी ओसरल्यावर खाली लव्हाळ्यात अडकलेली सापडली. लोक म्हणाले, “म्हशी तर पोहतात ना हो?” या वाक्यानंतर कौसाबाईने दोन घरांचं दूध बंद केलं.

तेव्हापासून ती सोसायटीच्या मागे लागली होती. तिचं मागणं साधं होतं. नदी चढली की म्हशींना गेटच्या आत एका कोपऱ्यात उभं राहू द्या, पाणी उतरलं की मी घेऊन जाईन, शेणही मीच उचलीन. सेक्रेटरी दर वेळी गोड बोलायचे. “काकू, पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ.” पुढची मीटिंग व्हायची, तिच्यात पाण्याची टाकी, रंगकाम, कुणाच्या तरी कुत्र्याचं भुंकणं सगळं यायचं, म्हशींचा विषय यायचा नाही. विनीत मीटिंगला बसलेला असायचा.

“तू का नाय बोललास?” ती विचारायची.

“आई, तिथं चाळीस लोक असतात. कसं वाटेल?”

“कसं वाटेल? म्हशी तुझ्या बापाच्या व्हत्या. त्याला कसं वाटलं असतं?”

विनीत खाली मोबाइलमध्ये बघायला लागायचा. त्याचं ते खाली बघणं तिला त्याच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबायचं.

यंदा पावसाने सप्टेंबर संपत आला तरी काढता पाय घेतला नाही. रोज दुपारनंतर कर्जतच्या डोंगरांकडून आभाळ काळंनिळं होऊन यायचं, विजा कडाडायच्या आणि तासाभरात खाचरं तुडुंब भरायची. भात निसवलं होतं. लोंब्या बाहेर पडून दाणा दुधात होता. या वेळेला भाताला ऊन हवं असतं. कौसाबाई बांधावर उभी राहून आभाळाकडे बघायची आणि माणसाला द्याव्यात तशा शिव्या द्यायची. बांधापलीकडची खाचरं बनूबाईची. तीही आपल्या बांधावर उभी असायची. दोघी एकाच वयाच्या, एकाच वर्षी या गावात नांदायला आलेल्या.

“कौसे, शिव्या देऊन पाऊस थांबतो का?”

“नाय थांबत. पन मना बरं वाटतं.”

मग एके दिवशी पाऊस सकाळीच सुरू झाला. वर डोंगरात रात्रभर कोसळत असणार, कारण नदीचा रंग लाल झाला होता आणि तिच्यातून झाडांच्या फांद्या वाहत येत होत्या. दुपारी कौसाबाई गोठ्यात वैरण टाकत होती तेव्हा भोरी, तिची सगळ्यात जुनी म्हैस, खाली मान घालेना. कान टवकारून नदीकडे बघत राहिली. कौसाबाई बाहेर आली तर खालचं खाचर दिसेनासं झालं होतं. तिथे नुसतं पाणी, आणि पाण्यावर भाताचे शेंडे थरथरत होते. तेवढ्यात कमरेला खोचलेला मोबाइल वाजला. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, असा मेसेज होता.

“आलं बघा शहाणं,” म्हणून तिने मोबाइल परत खोचला आणि चारही म्हशींची दावी सोडली.

वाट पाण्याखाली गेली होती. जायचं तर वरच्या खाचरातून, उभ्या पिकातून. म्हशींच्या पायाखाली भात मोडताना तिला ऐकू येत होतं. वर्षभराचं खाणं ती स्वतःच्या हाताने तुडवत होती. मागे बांडी, मोरीच्या जागी आणलेली, आता गाभण, जड, सारखी थांबत होती. वीज चमकली की चारही जणी एकदम अंग चोरायच्या आणि दावी हातातून सुटायला बघायची. उघड्या रानात विजेखाली चार म्हशी आणि एक बाई. कौसाबाई आयुष्यात फारशी घाबरली नव्हती, पण त्या वेळी तिच्या तोंडातून शिवीसुद्धा निघेना.

सोसायटीच्या गेटवर वॉचमन रेनकोट घालून उभा होता.

“अम्मा, जानवर अलाउड नहीं है.”

“अलाउड नाय? मग नदीला पन सांग तसं. ती येतेच आहे मागून.”

“सेक्रेटरी साब का ऑर्डर है, अम्मा. मेरी नौकरी जाएगी.”

तो खोटं बोलत नव्हता, हे तिलाही कळत होतं. म्हणूनच चडफडण्यापलीकडे काही करता येईना. तिने विनीतला फोन लावला. तो उल्हासनगरात अडकला होता, रस्ते बंद झाले होते. “आई, तू म्हशी सोड आणि तू वर जा घरात,” तो ओरडत होता. “ऐकतेस ना? म्हशी सोड!” तिने फोन बंद केला.

गेटच्या आतून कुणीतरी पावसात धावत येत होतं. छत्री उलटी झालेली, गाऊनवर ओढणी गुंडाळलेली. ती सोनिया होती, विनीतची बायको. बदलापुरातल्याच कात्रपच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, म्हशीपासून चार हात लांब उभी राहणारी. सासूचं आणि तिचं भांडण कधी झालं नव्हतं, कारण दोघींत तेवढं बोलणंच नव्हतं. वर खिडकीतून तिने सगळं पाहिलं होतं.

“भैया, गेट खोलो.”

“मैडम, सेक्रेटरी साब...”

“हमारे फ्लॅट के मेहमान हैं. खोलो.”

वॉचमनने एकदा तिच्याकडे आणि एकदा म्हशींकडे पाहिलं आणि दांडा वर केला. पुढे कुणी विचारलं तर मॅडमचं नाव सांगता येईल, एवढं त्याला पुरे होतं.

आत वेगळीच धांदल होती. इमारतींच्या खाली, खांबांच्या मधल्या पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी आलं होतं आणि लोक आपापल्या गाड्या काढून वर नेत होते. वर म्हणजे पोडियमवर. पहिल्या मजल्याच्या उंचीची ती मोठी काँक्रीटची गच्ची, तिथे मुलांचे झोके, घसरगुंडी आणि हिरवळीचा तुकडा. वर जायला एकच उतार होता. त्या उतारावर गाड्यांची रांग लागली होती आणि सेक्रेटरी हातवारे करून एकेक गाडी सोडत होते. त्यांची स्वतःची गाडी कडेला उभी होती.

“काकू! हे काय आणलंत? आधी गाड्या जाऊ देत!”

“गाडी बुडाली तर दुरुस्त व्हते,” कौसाबाई म्हणाली आणि भोरीला घेऊन रांगेत घुसली.

उताराला चकचकीत फरशी होती. भोरीने एक पाय ठेवला, तो सरकला, आणि ती मटकन गुडघ्यावर बसली. मागे हॉर्न वाजायला लागले. कुणीतरी काच खाली करून ओरडलं, “अरे हटाओ यार!” कौसाबाई दावं ओढत होती आणि भोरी डोळे पांढरे करून जागची हलत नव्हती. मागच्या तिघी एकमेकींवर रेटत होत्या.

पहिल्या मजल्यावर राहणारा महेंद्र गॅलरीतून बघत होता. अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी करणारा, रात्रपाळी करून घरी आलेला. कौसाबाईचं दूध त्याच्या घरी येत होतं. तो खाली आला तो हातात गोणपाट घेऊनच. सोनिया तोवर जिने चढून दारादारासमोरची पायपुसणी गोळा करत सुटली होती. बऱ्याच घरांना नंतर कळलं की आपलं पायपुसणं गेलं. दोघांनी मिळून उतारावर गोणपाटं, पायपुसणी, एक जुनी सतरंजी अंथरली. भोरी उठली. दोन पावलं टाकली. परत थांबली.

आणि वीज पडली. कुठे पडली ते कुणालाच कळलं नाही, पण उजेड आणि आवाज एकदमच आला आणि इमारतीच्या काचा थरथरल्या. चारही म्हशी उधळल्या. दावी कौसाबाईच्या तळहाताची साल काढत निसटली आणि म्हशी सतरंजी तुडवत, धडाधड, वर पोचल्या. जाता जाता चांदी नावाच्या म्हशीचं शिंग कडेच्या गाडीच्या आरशाला लागलं. आरसा तुटून लोंबायला लागला. गाडी सेक्रेटरींची होती.

महेंद्रने तोंड फिरवलं. तो हसत होता की नाही, हे सोनियाने कधी सांगितलं नाही.

म्हशी झोक्यांच्या खांबांना बांधल्या. संध्याकाळपर्यंत हिरवळ संपली होती. घसरगुंडीखाली बांडी बसली आणि उठेना, म्हणून कौसाबाई तिच्या पोटावर हात ठेवून तिथेच बसली. सोनियाने वर यायला दोनदा बोलावलं. मग तिने चहाचा थर्मास आणि चादर खाली आणली आणि घसरगुंडीच्या पायरीवर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला होता, पण चारी बाजूंना पाणी होतं. दुधाची गाडी येणं शक्य नव्हतं. सकाळी लोक पातेली, तांबे, बरण्या घेऊन पोडियमवर आले. काल “हटाओ यार” म्हणणारा माणूसही आला होता, हातात स्टीलचा डबा घेऊन.

कौसाबाई भोरीच्या कासेला हात लावून बसली होती. कास भरलेली, दगडासारखी. पण भोरीने पान्हा चोरला होता. नवी जागा, रात्रभरचा गडगडाट, धारेच्या वेळचं आंबोण नाही, भोवती एवढी माणसं. म्हैस घाबरली की दूध वर ओढून धरते, काही केल्या सोडत नाही. कौसाबाईने थोपटलं, गोंजारलं, सोललेल्या हातांनी पुन्हा पुन्हा सड चोळले. चांदीचंही तेच. एका म्हशीने कसंबसं तांब्याभर दिलं. ते तिने चौथ्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळासाठी दिलं आणि उठली.

“नाय आज. म्हशी देत नाय.”

“काल आम्ही बोललो म्हणून का?” डबेवाला म्हणाला.

“अरे बाबा, म्हशी देत नाय म्हटलं ना.”

“असं कसं? कास तर भरलेली दिसतेय.”

तिने पुष्कळ समजावलं. म्हैस म्हणजे नळ नव्हे, हे तिला तिथे पंचवीस माणसांना सांगावं लागलं, आणि एकालाही ते पटलं नाही. लोक पातेली हलवत, आपसात बोलत निघून गेले. म्हातारी सूड उगवतेय, असं दुपारपर्यंत पाचही इमारतींत झालं होतं. भरल्या कासेने म्हशी कळवळत होत्या आणि कौसाबाईला रडू फुटायच्या बेतात होतं. ते कुणाला दिसू नये म्हणून ती शेण उचलायला लागली.

विनीत दुपारी कमरेपर्यंत भिजून, चालत आला. आईला धड पाहिल्यावर त्याचा सगळा घोर रागात बदलला.

“तुला काही झालं असतं तर? किती वेळा सांगितलं, विकून टाक म्हशी. सेक्रेटरीचा आरसा, लॉन, सगळं आता माझ्या नावावर. मी इथं राहतो, आई!”

“विकते,” कौसाबाई म्हणाली. “उद्याच विकते. पन मग सकाळी उठून मी काय करू, तेवढं सांग.”

“आईंना आधी जेवू दे,” सोनिया म्हणाली.

पाणी ओसरलं तेव्हा गोठ्याचे पत्रे गेले होते. पेंढ्याची गंज भिजून काळी पडली होती. खाचरातलं भात आडवं झालं होतं आणि लोंब्यांवर गाळाचा जाड थर बसला होता. दाणा भरायच्या आतच सगळं संपलं होतं. निदान वैरण होईल म्हणून तिने ते कापून म्हशींपुढे टाकलं, तर म्हशींनी हुंगून तोंड फिरवलं. नदीच्या पाण्यातून काय काय आलं होतं कुणास ठाऊक, पेंढ्याला औषधासारखा वास येत होता.

त्या रविवारी सोसायटीची खास मीटिंग लागली. कौसाबाई सभासद नव्हती, तिला मागे खुर्चीवर बसवलं आणि बोलू नका म्हणून सांगितलं. विषय एकच होता, जनावरं. महेंद्रने उभं राहून सांगितलं, की पुरापुरता एक कोपरा द्यावा, सगळे मिळून साफ करू. त्यावर स्वच्छता, डास, मुलांची सुरक्षा, फ्लॅटच्या किमती असं एकेक निघालं. कुणीतरी म्हणालं, “सिंपथी आहे आम्हाला, पण प्रिन्सिपल म्हणून बघा.” कौसाबाई उठली.

“सिंपथी तुमची तुमच्याकडं ठेवा. तुम्ही बसलाय ना, या खुर्च्यांखाली आमचं टेकाड हाय. आम्ही फक्त उभं राहायला जागा मागतोय. ती पन पानी असेपर्यंत.”

सेक्रेटरींनी तिला बसायला सांगितलं आणि कोपरा द्यायच्या बाजूने असलेल्यांना हात वर करायला सांगितलं. महेंद्रचा हात वर गेला. चौथ्या मजल्यावरच्या बाळाच्या बापाचा गेला. सोनियाने हात वर केला, पण एका फ्लॅटचं एकच मत, असं तिला सांगण्यात आलं. मग सगळे विनीतकडे बघायला लागले. तो खाली बघत होता. कौसाबाई दुसरीकडे बघायला लागली, कारण पुन्हा एकदा ते बघायची तिची तयारी नव्हती. तिच्या शेजारच्या बाईने तिला कोपराने ढोसलं. विनीतचा हात वर होता.

तरी मतं कमीच पडली. ठराव झाला, की आवारात जनावरं आणता येणार नाहीत. उखडलेली हिरवळ विनीतने स्वतः लावून द्यायची, तीही त्याच्याकडून लेखी घेतली.

घरी येताना मायलेक एकत्र चालत आले. “केला ना हात वर,” विनीत म्हणाला. “केलास,” ती म्हणाली. “तीन वर्षांपूर्वी करायचा व्हता.” तिला दुसरं काही म्हणायचं होतं, पण तोंडातून हेच निघालं.

आठवड्याभराने एका सकाळी तिने रस्त्यावर उभं राहून डंपर थांबवला. कुठलीशी जुनी इमारत पाडून विटामातीचा राडारोडा पालेगावच्या बाजूने येत होता आणि ड्रायव्हर टाकायला जागा शोधत होता. तिने त्याला आपलं वरचं खाचर दाखवलं. टेकाड गेलं तर गेलं, आपल्याच जमिनीत दुसरं करू. भात पिकणारी जमीन तिने त्या दिवशी राडारोड्याखाली घातली. पहिला डंपर रिकामा होताना तिला बघवेना, म्हणून ती गोठ्यात जाऊन उभी राहिली. महेंद्र आणि विनीत सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन यायचे आणि ढीग सपाट करायचे. पुरुषभर उंचीचा उंचवटा झाला.

बांधावरून बनूबाई आली. आधी नुसती बघत उभी राहिली.

“कौसे, हे काय चालवलंस?”

“म्हशींना जागा करतेय.”

“आनि पानी? तुझ्या शेतात थांबायचं ते पानी आता कुठं जाईल? माझ्याच घरात ना?”

बनूबाई बडबडत राहिली, तिच्या सात पिढ्या काढल्या, आणि कौसाबाई कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली. तिला राग येत होता. पण तो बनूबाईचा नव्हता आणि नेमका कुणावर काढावा, तेही समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने डंपर बंद केले. उंचवटा एका बाजूने उकरून अर्धा केला आणि बनूबाईच्या बांधाला लागून पाणी निघून जायला रुंद चर खणला. विनीतने खणला, सोनियाने घमेली उचलली. सोनियाच्या हाताला फोड आले, तेव्हा कौसाबाईने त्यांवर लोणी लावलं आणि “लोणी लावल्यावर हात धुवायचा नसतो” म्हणून तिला ओरडली. बनूबाईचं समाधान झालं नाही. ती अजूनही बोलत नाही, कौसाबाई दिसली की पदर झटकून आत जाते. उरलेल्या उंचवट्यावर तीन म्हशी मावतात, फार तर साडेतीन. चांदी विकावी लागली.

ऑक्टोबरात पुन्हा एकदा डोंगराकडून आभाळ भरून आलं. नदी अजून खाली होती, पण कौसाबाईने म्हशींना सवय लागावी म्हणून त्यांना उंचवट्यावर न्यायला घेतलं. भोरी चढली. तिच्यामागची चढली. बांडी मात्र विटांच्या तुकड्यांवर पाय टाकायला तयार होईना. पोट घेऊन पायथ्याशी ठाम उभी राहिली.

“अगं चढ गं माझे बाय, चढ,” कौसाबाई दावं खांद्यावर घेऊन ओढत होती. “तुझ्यासाठी भात गाडलं मी. चढ म्हनते ना!”

वर ढग गडगडले. मागून सोनिया आली आणि बांडीच्या मागच्या पुठ्ठ्यावर दोन्ही हात टेकवून, डोळे मिटून, जोर लावायला लागली.